धोंडीबाचं वाक्य

तालुक्याच्या इतिहासाची समिती नेमली तेव्हा तीत मला घेतलं ते माझ्या अकलेसाठी नव्हे, अक्षरासाठी. पुरुषमंडळींनी सभेत भांडायचं आणि जे ठरेल ते मी वळणदार अक्षरात उतरवून सांगलीच्या छापखान्याकडे पाठवायचं, अशी कामाची वाटणी होती. साल १९६५. चौथीच्या मुलांना आपला तालुका कळावा म्हणून एक छोटं पुस्तक काढायचं घाटत होतं. देवळं, ओढे, पिकं, बाजाराचे दिवस हे सगळं बिनबोभाट पार पडलं. घोडं पेंड खाऊ लागलं ते बेचाळीसच्या चळवळीच्या धड्यापाशी, आणि तो धडा नेमका आमच्या बोरखडीचा होता.

मी माहेरची शिराळ्याची. नागाला हाताळणारी माणसं लहानपणापासून बघितलेली, त्यामुळे पुढाऱ्यांची भीती मला कधी फारशी वाटली नाही. बोरखडीच्या शाळेत माझी बदली झाली तेव्हा लोक म्हणाले, तिकडे पूर्वेला पाणी नाही. पाणी नव्हतंच. पण राजकारण इतकं होतं की त्यावर दोन पिकं निघाली असती.

धड्यातली गोष्ट साधी होती. चळवळीच्या ऐन भरात तीन भूमिगत एका रात्री बोरखडीत थांबले. पहाटे पोलिसांचा छापा पडला, पण ते तिघे आधीच ओढा ओलांडून औंध संस्थानच्या हद्दीत निसटले होते. संस्थानात इंग्रजांचे पोलीस सहसा शिरत नसत. एवढं सगळ्या गावाला मान्य. प्रश्न असा होता की त्या रात्री त्यांना जेवू कुणी घातलं?

नानासो म्हणायचे, आमच्या घरी. नानासो काँग्रेसचे, पंचायत समितीवर निवडून आलेले. त्या छाप्यात त्यांच्या वडिलांनी, म्हणजे थोरल्या पाटलांनी, पोलिसांचा मार खाल्ला होता आणि साताऱ्याच्या तुरुंगात दिवस काढले होते, ते खरंच होतं. तात्याबा म्हणायचे, पाटलांनी मार खाल्ला असेल, पण भाकरी आमच्या चुलत्याच्या घरची. तात्याबा लाल बावट्याचे, माजी सरपंच. पुढची निवडणूक दोघांच्याही डोळ्यांपुढं होती, आणि बेचाळीस सालची ती भाकरी दोघांनाही त्यात वाढायची होती. समितीचे अध्यक्ष आण्णा गुरुजी सांगलीचे निवृत्त मुख्याध्यापक, भांडणाला घाबरणारा सज्जन माणूस. त्यांनी तोड काढली, 'गावकऱ्यांनी त्यांना जेवू घातले' असं लिहा. त्यावर दोघेही एकदम उठून उभे राहिले. गावकरी म्हटलं की त्यात समोरचा आला ना.

सगळ्या धड्यात दोन्ही पक्षांचं एकमत झालेलं वाक्य एकच होतं. ते असं: 'धोंडीबा धनगर याने पोलिसांना खबर दिली व तो रातोरात पळून गेला.'

हे एकमत कशातून झालं ते सांगायला हवं. आमच्याकडे शेतात मेंढरं बसवायची पद्धत आहे. शेतकरी धनगराला बोलावतो, कळप रात्री रानात बसतो, रानाला खत मिळतं आणि धनगराला धान्य. कळप रोज थोडा पुढं सरकवायचा आणि सगळं रान पुरं करूनच उठायचं. रान अर्धं टाकून मध्येच कळप उठवणं म्हणजे ताटावर बसलेल्याला उठवण्यासारखं, कुठलाही धनगर तसं करत नाही. आणि धोंडीबानं त्या रात्री नेमकं तेच केलं होतं. थोरल्या पाटलांच्या रानात त्याचा कळप बसला होता. सकाळी पोलीस दारात, गावाला मार, आणि बघावं तर रान अर्धं पडलेलं, मेंढरं गायब, धोंडीबा गायब, ठरलेलं धान्यही न्यायचं सोडून गेलेला. खोट असल्याशिवाय माणूस असं करील कशाला, असा गावानं निवाडा केला. त्यानंतर बोरखडीत त्याची मेंढरं कुणीही बसवली नाहीत.

धोंडीबा मरून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मागं त्याची बायको भामाबाई होती.

भामाबाई म्हणजे उंच, वाळकी, काळीशार बाई. जन्म वाटेवरचा. कऱ्हाडजवळ मलकापूरच्या शिवारात कळप उतरला असताना ती झाली, कुणाच्या रानात ते तिच्या आईलाही ठाऊक नव्हतं. लग्न झालं तेही चालत, पोरं झाली तीही चालत. नवरा गेल्यावर मुलगा आकाराम कळप फिरवायला लागला आणि ही गावाकडेला थोडं कोरडवाहू रान कसत राहिली. आवाज असा की माळावरून तिनं मेंढराला हाळी दिली तर शाळेत माझे पाढे चुकायचे. मी एकदा तसं तिला म्हटलं, तर म्हणाली, "पाढं जरा मोठ्यानं म्हना की मंग." एका जागी राहायला ती कबूल झाली ती नात हौसासाठी. हौसा शाळेत जायची. घराण्यात पाटी धरलेली ती पहिली.

गावातली पोरं हौसाला काय म्हणायची ते मला माहीत होतं. कुणी चहाडी केली की आमच्या शाळेत 'तू धोंडीबा झालास' म्हणायचे. कितीदा छड्या दिल्या तरी ती खोड जाईना, कारण ती घराघरातून येत होती.

धड्यात काय येतंय ते गावात लपून राहणं शक्यच नव्हतं. एका संध्याकाळी शाळा सुटल्यावर भामाबाई आली आणि दारातच उभी राहिली. खुर्ची दिली तर बसली नाही.

"बाई, पुस्तकात आमच्या मालकांचं नाव येनार हाय म्हंत्यात."

"अजून ठरतंय," मी म्हणाले. हे खोटं होतं. ते एक वाक्य सोडून बाकीचं ठरत होतं.

"खबऱ्या म्हनून?"

मी फळा पुसायला घेतला.

"आन् हौसा येत्या सालाला चौथीत जानार. म्हंजी वर्गात उभं ऱ्हाऊन तिनंच वाचायचं."

मला ते आधी सुचलंच नव्हतं. नवा धडा एकेका मुलानं उभं राहून मोठ्यानं वाचायचा, हा आमचा रोजचा रिवाज. मी तिला विचारलं, इतकी वर्षं गाव बोलतंय, तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?

"बोलत्यात ते वाऱ्यावर जातं, बाई. छापलं की ऱ्हातं," ती म्हणाली. "आन् गप कुटं हुतो? सौराज्य आल्यावर मालकांनी चावडीत सांगितलं की. समदी हसली. म्हनली, आता जो तो भूमिगतच हाय."

मग तिनं त्या रात्रीची हकिकत मला सांगितली, आणि मी उभी होते ती बाकावर बसले. सांगून झाल्यावर मी एवढंच म्हणाले, "भामाबाई, मला पटलं. पण समितीला तुमचा शब्द चालायचा नाही. त्यांना दुसरं माणूस पाहिजे, त्या रात्री तिथं असलेलं."

"मानूस हाय," ती म्हणाली. "जोतीराम हाय की."

धड्यात दोन भूमिगतांची नावं होती, ते दोघेही आता हयात नव्हते. तिसऱ्याला 'एक साथीदार' म्हटलं होतं. तो साथीदार बोरखडीच्याच महारवाड्यातला जोतीराम होता, निरोप पोचवायचं काम करायचा, हे बौद्धवस्तीत पोराटोरालाही ठाऊक होतं. समितीनं वस्तीत विचारलंच नव्हतं, कारण तिथं इतिहास असेल अशी शंकाही कुणाला आली नव्हती. जोतीराम त्या रात्री जो गेला तो परत आला नाही. पुढं त्यानं आईबापालाही तिकडंच बोलावून घेतलं, छप्पन सालानंतर तो बौद्ध झाला, आणि आता मलकापुरात राहून कऱ्हाडच्या एसटी डेपोत फिटर होता.

"मी त्याला घिऊन येतो," भामाबाई म्हणाली, "तवर ते छापू दिऊ नका." तिच्या बोलण्यात ती कायम 'येतो, जातो' असंच म्हणायची, कळपामागं चालणाऱ्या बाईला दुसरं जमत नाही असं तिचंच म्हणणं होतं.

एवढं सांगून ती निघून गेली आणि माझी पंचाईत झाली. आण्णा गुरुजींनी धडा कसाबसा मार्गी लावला होता. जेवणाचं वाक्यच गाळायचं, बाकी सगळं ठेवायचं, आणि आठवड्याभरात छापखान्याला पाठवायचं. धोंडीबाचं वाक्य अर्थातच होतं तिथं होतं. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात, इथं तिसऱ्याचा बळी जात होता, आणि तो माझ्या हातून जायचा होता. मला त्या दोघांचा असा संताप आला होता की काही विचारू नका.

मग माझा हात दुखायला लागला. उजवाच. मी त्याला फडकं बांधलं आणि आण्णा गुरुजींना कळवलं की लेखणी धरवत नाही. नानासोंनी वैदूकडचं तेल पाठवलं. तात्याबांनी त्याहून उग्र वासाचं दुसरं तेल पाठवलं, कारण नानासोंचं तेल लागू पडू नये अशी त्यांची मनोमन इच्छा असावी. मी दोन्ही खिडकीत ठेवून दिली. आण्णा गुरुजी म्हणाले, मग दुसऱ्या कुणाकडून लिहून घेऊ. मी म्हणाले, घ्या की, पण छापखानेवाले माझ्याच अक्षराला सरावलेत, त्यांनी काही भलतंच छापलं तर तुम्ही जबाबदार. या धमकीवर आणखी थोडे दिवस निघाले. भामाबाईचा मात्र पत्ता नव्हता. हौसाला विचारलं तर म्हणायची, आजी चालत गेलीया, अजून आली न्हाई. शेवटी गुरुजींनी आमच्याच शाळेत शेवटची बैठक लावली आणि मला निरोप दिला, हात बरा असो वा नसो, आज प्रत घेऊन जाणार.

बैठक सुरू झाली. गुरुजींनी धडा वाचला. धोंडीबाच्या वाक्याशी आले तेव्हा बाहेरून मला ओळखीचा आवाज ऐकू आला. भामाबाई एसटीच्या कंडक्टरला अजून बोलत होती, त्यानं तिला फाट्यावर उतरवून चालायला लावलं होतं म्हणून. बोलत बोलतच ती आत आली. तिच्यामागं खाकी पँटमधला, कानशिलं पिकलेला एक माणूस होता. तो दारात थांबला. आत यावं की नाही, असा जरासा घुटमळला.

"या आत," मी म्हणाले, कुणी दुसरं काही म्हणायच्या आत.

"हा कोण?" तात्याबांनी विचारलं.

"धड्यात एक साथीदार लिहिलाय न्हवं," तो म्हणाला, "तो मी. जोतीराम."

नानासोंनी त्याला निरखून पाहिलं. ओळख पटली असावी. गुरुजींनी जोतीरामला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि विचारू नये तेच पहिल्यांदा विचारलं, "त्या रात्री आपण कुणाच्या घरी जेवलात?"

जोतीराम जरा हसला. "गुरुजी, मला घरात कोन घेनार हुतं? थोरल्या पाटलांनी आमाला त्यांच्या रानात आसरा दिला, ते खरं हाय. तात्याबांच्या चुलत्यांनी जेवायला बोलावनं धाडलं, तेबी खरं. पर माज्यासंगं जे दोघं हुते ते म्हनले, जोतीरामला उंबऱ्याभाईर बसवून आमी आत जेवनार न्हाई. मंग तिघंबी मेंढरांच्या तळावर जेवलो. ह्या बाईंनी भाकरी केली. माज्या हातात दिली, वरनं टाकली न्हाई."

एवढा वेळ तात्याबा आणि नानासो एकत्र गप्प बसलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

"आणि खबर?" गुरुजींनी विचारलं.

"खबर कुनी दिली देव जाने. मला आजबी ठावं न्हाई. पोलीस निघाल्याचा निरोप मीच आनला. तवा पाऊस पडून गेल्ता, नांगरलेलं रान ओलं. तळापासनं वढ्यापतुर आमचं पाय उमटनार, पोलीस त्या मागावर सरळ हद्दीपतुर येनार. मी धोंडीबांना म्हनालो, मेंढरं उठवा आन् आमच्या मागनं हाना. त्यांनी काय म्हनलं, ठावं हाय? म्हनले, रान अर्धं ऱ्हायलंय, पाटील काय म्हनतील? मी म्हनालो, पाटलास्नी मी सांगीन." तो थांबला. "कळप आमच्या पावलांवरनं गेला. वढा वलांडून आमास्नी पार पोचीवलं त्यांनी. आन् सांगायला मी परत आलोच न्हाई. या गावात येशीभाईर उभं ऱ्हायला परत कशाला यायचं, असं वाटलं मला. त्याचं हे असं झालंय ते बाई परवा दारात आल्या तवा कळलं."

भामाबाई भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "तुजा दोस न्हाई, जोतीराम." कंडक्टरवरची बडबड सोडली तर तिनं तिथं काढलेला पहिला शब्द हा.

नानासोंच्या बापाचं रान. नानासोंच्या बापाचा मार. त्यांनी काय म्हणावं, मला अंदाज येईना. त्यांनी धड्याचा कागद पुढं ओढला. मग म्हणाले, "आबा म्हनायचं, सकाळी रानात माग कसा न्हाई सापडला, ह्याचंच पोलिसांना कोडं पडल्तं. त्याच रागानं मारलं, म्हनायचं." एवढं बोलून त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तात्याबांचा चेहरा मात्र हळूहळू खुलत गेला. भाकरी आपल्या घरची नव्हती याचं दुःख होतं, पण नानासोंच्याही घरची नव्हती हा दिलासा त्याहून मोठा होता. "खरं ते छापलं पायजे," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. नानासोंनीही मान हलवली. दोघांचंही गेलं म्हणताच दोघेही सत्याच्या बाजूला येऊन बसले. राजकारणात माणसं अशीही शहाणी होतात, आणि मला त्याची काहीच तक्रार नाही.

गुरुजींनी नवं वाक्य सांगितलं. माझा हात तेव्हाच बरा झाला. भाकरीच्या ठिकाणी भामाबाईचं नाव घालायचं ठरत होतं तर ती म्हणाली, "माजं नगा घालू. भाकरी दिली त्यात काय ल्ह्यायचं?" तिचं ऐकलं नाही. 'एक साथीदार' काढून तिथं जोतीरामचं पूर्ण नाव आलं. तो ते लिहिताना माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"आन् ते पयलं कुटं हाय?" भामाबाईनं विचारलं. "आमच्या मालकांचं."

तिला वाचता येत नव्हतं. मी ते वाक्य बोटानं दाखवलं आणि तिच्यासमोर त्यावर शाईच्या रेघा ओढल्या, एकीवर एक, अक्षर दिसेनासं होईपर्यंत. तिनं वाकून बघितलं. कागदाच्या मागल्या बाजूनंही बघितलं. मग ती खाली जमिनीवर बसली आणि तिला रडू आलं. माझाही जीव भांड्यात पडला होता, त्यामुळे मीही तिच्याशेजारी बसले. पुरुषमंडळी बिड्या ओढायला बाहेर गेली.

माफी वगैरे नानासोंनी मागितली नाही, पाटलांकडे ती रीत नाही. पण पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आकारामला निरोप धाडला, मेंढरं आमच्या रानात बसवा. आकारामला जायचं नव्हतं. भामाबाईनं त्याला धाडलं. म्हणाली, रान पुरं करून ये.

पुस्तक शाळा उघडताना आलं. चौथीला धडा लागला त्या दिवशी भामाबाई आपण होऊन आली आणि वर्गाच्या पायरीवर बसली. आत ये म्हटलं तर नको म्हणाली. एरवी वाचताना हौसा पुटपुटायची. त्या दिवशी ती उभी राहिली आणि माळावरच्या आजीच्या आवाजात वाचायला लागली, "धोंडीबा धनगर यांनी मेंढरे ओढ्यापर्यंत नेऊन भूमिगतांच्या पावलांचे ठसे पुसून टाकले व त्यांना सुखरूप पोचवले." वर्गात कुणी हसलं नाही. एकदोन पोरांनी मान वळवून पायरीकडं पाहिलं.

तास झाल्यावर मी बाहेर आले. भामाबाई पदरानं तोंड पुसत होती.

"बाई," ती म्हणाली, "मला तर त्यांचं नाव घेता येत न्हाई, बायकूनं घ्यू नये. आन् गावात ऐकलं ते समदं शिवीतच. इतक्या वर्सांत कुनी सादं घेतलेलं आजच ऐकलं."

मग तिनं दारातून आत पाहिलं. "हौसे, परत वाच गं तेवढंच."

हौसानं पुस्तक उघडलं आणि परत वाचलं.